आधी जपायचं आणि शेवटी भिडायचं? उलटं करतोयस तू

पत्र असं आलंय (जरा लांब होतं, कापलंय):

"ताई नमस्कार. मी वाकडला राहतो, वय ३१, आयटीत आहे. आधी ऑनलाईन पोकर टूर्नामेंट खेळायचो, ते बंद झाल्यापासून वर्षातून एक-दोनदा मित्रांबरोबर गोव्याला जातो. या वेळी एक छोटी टूर्नामेंट खेळलो, १० हजार एंट्री आणि वर फी, सुरुवातीला २० हजार चिप्स. माझ्या टेबलावर फुलाफुलांच्या शर्टातला एक माणूस होता, पानं बघतोय न बघतोय तोवर ऑल-इन, सगळे चिप्स पुढे. मी मोजलं, पहिल्या १४ हातांत ९ वेळा. ब्लाइंड (दर हाताला दोघांनी आधीच टाकायचे चिप्स) १००-२०० असताना मला एक्का-राजा आले, वेगवेगळ्या रंगाचे. त्याने सगळे टाकले, मी कॉल केला, म्हणजे तेवढेच लावले, त्याच्याकडे गुलाम-सत्ती. मधल्या पाच सामायिक पानांतल्या शेवटच्या पानाला सत्ती आली, त्याची जोडी झाली आणि मी बाहेर. डोकं फिरलं. परत एंट्री घेतली. यावेळी जपून खेळलो, त्याच्या वाटेला गेलोच नाही. एकूण ३० एंट्र्या झाल्या होत्या, बक्षीस तिघांना होतं, १ लाख ५०, ९० आणि ६० हजार. आम्ही चौघं उरलो, चौघांकडे साधारण सारख्याच चिप्स, दीड-दीड लाख, ब्लाइंड ५-१० हजार. तो पहिलाच, त्याने ऑल-इन मारला. मी बटणावर (डीलरच्या जागेवर), एक्का-नव्वी. तोवर मला त्याचा पूर्ण रीड (अंदाज) आला होता. कॉल केला, त्याच्याकडे राजा-पंजी, मी जिंकलो! शेवटी दुसरा आलो. आता मी नियम केलाय की अशा वेड्यांना सुरुवातीला हात लावायचा नाही, एक्का-राजा आले तरी सोडायचे, आणि शेवटी रीड मिळाला की भिडायचं. बरोबर आहे ना? — वैतागलेला वाकडकर"

अरे वाकडकर, आधी अभिनंदन, दुसरा नंबर म्हणजे काही थोडं नाही, ३० टक्के टीडीएस कापून ६३ हजार हातात आले असतील, त्यातून दोन एंट्र्या आणि बसचं भाडं गेलं तरी घरी सांगण्यासारखं काहीतरी उरलं. पण नियम मात्र तू बरोब्बर उलटा केलायस. ज्या हाताचं तुला वाईट वाटतंय तो तू नीट खेळलास आणि ज्याची कॉलर ताठ करून सांगतोयस ना, तो चुकला. जिंकलास तरी चुकला.

थांब, चिडू नकोस, हिशोबाने सांगते.

एक्का-राजा पहिले घेऊ. समोरचा कुठलीही दोन पानं घेऊन सगळे चिप्स टाकतोय असं धर, तर त्या कुठल्याही दोन पानांसमोर तुझे वेगळ्या रंगाचे एक्का-राजा ६५ टक्के वेळा जिंकतात. म्हणजे तीनातून दोनदा तू, एकदा तो. ब्लाइंड १००-२००, तुझ्याकडे २० हजार, टूर्नामेंट नुकती सुरू झालेली, बक्षीस कुठेतरी लांब डोंगरापलीकडे, अशा वेळी चिप्स दुप्पट होणं म्हणजे जवळजवळ तुझी किंमत दुप्पट होणं. तिथे पन्नाशीच्या जरा वर असलं तरी कागदावर फायदा आहे आणि तुझ्याकडे ६५ होते. शिवाय परत एंट्री घ्यायची सोय होती. याच्यापेक्षा चांगली जागा त्या पूर्ण रात्रीत तुला मिळाली नसेल. सत्ती आली, येते कधीकधी, तीनातून एकदा यायचीच असते. एक्का-राजा घेऊन अशा माणसाला तीनदा भिडलास तर तिन्ही वेळा जिंकायची शक्यता २७ टक्केच आहे, म्हणजे एखादा तडाखा बसणार हे धरूनच चालायचं.

आणि तू १४ हातांत ९ मोजलेस, हे मला फार आवडलं, खरंच. बहुतेक लोक दोन ऑल-इन बघतात आणि 'हा वेडा आहे' असा शिक्का मारून मोकळे होतात. पॉकेट पेअर, म्हणजे हातातच जोडी, १७ हातांत एकदा येते, एक्क्यांची जोडी २२१ हातांत एकदा, त्यामुळे एखाद्याला लागोपाठ तीन चांगले हात येऊही शकतात, पण १४ त ९ वेळा येत नाहीत. तिथे तुझं काम चोख होतं. मग पुढे काय बिघडलं?

आता एक्का-नव्वी. कागद-पेन घे, किंवा मोबाईलचा कॅल्क्युलेटर.

चौघं उरलात, चिप्स सारख्या, बक्षिसं तिघांना, एकूण ३ लाख. त्या घडीला सगळे सारखे खेळतात असं धरलं तर प्रत्येकाचा वाटा किती? ७५ हजार. सरळ भागाकार आहे. आता तू त्या फुलवाल्याला उडवलंस आणि तुझ्या चिप्स दुप्पट झाल्या, तर तुझा वाटा दीड लाख होतो का? नाही होत! दीड लाख हे तर पहिलं बक्षीस आहे, आणि अजून दोघं बसलेत समोर. तुझ्याकडे निम्म्या चिप्स, त्या दोघांकडे पाव-पाव, तर पहिला यायची शक्यता निम्मी, दुसरा यायची एक तृतीयांश, तिसरा यायची एक षष्ठांश. मांडून बघ, ७५ हजार अधिक ३० हजार अधिक १० हजार, बेरीज १ लाख १५ हजार. म्हणजे हरलास तर ७५ हजार गेले आणि जिंकलास तर फक्त ४० हजार वाढले. चिप्स दुप्पट, पैसे दीडपट, आणि समोर पूर्ण शून्याचा खड्डा. चिप्सची बक्षिसाच्या पैशांत किंमत काढायच्या या हिशोबाला आयसीएम म्हणतात, ऑनलाईन खेळत होतास म्हणजे नाव ऐकलं असशीलच, पण ऐकणं वेगळं आणि एक्का-नव्वी हातात असताना आठवणं वेगळं.

तर ७५ हजार लावून १ लाख १५ हजार मिळवायचे म्हणजे नुसती बरोबरी साधायला ६५ टक्के लागतात. मधे पडलेले ब्लाइंड आणि अँटी (हाताआधी टाकायचे आणखी थोडे चिप्स) धरले तर ६३ च्या आसपास. आणि एक्का-नव्वी, वेगळ्या रंगाचे, कुठल्याही दोन पानांसमोर ६१. तेही तो खरोखर डोळे झाकून टाकत असेल तर. तुझ्या मागे अजून दोघं बोलायचे होते, स्मॉल ब्लाइंड आणि बिग ब्लाइंड, त्यांच्यापैकी कोणाकडे राण्यांची जोडी निघाली असती तर? तो धोका या ६१ मधे धरलेलाच नाही.

आता यातला सगळ्यात गोड भाग सांगते. तू पानं टाकून दिली असतीस आणि मागच्या दोघांपैकी कोणीतरी त्याला कॉल केला असता, तर त्या दोघांतला एक घरी गेला असता आणि तू, काहीही न करता, पाण्याची बाटली उघडत बसलेला असताना, तुझा वाटा ७५ चा ९२ हजार ५०० झाला असता. कारण ३ लाखातून जिंकणाऱ्याचे १ लाख १५ गेले, उरलेले १ लाख ८५ तुम्हा दोघांत निम्मे. फुकट १७ हजार ५००. कोण जिंकतंय याच्याशी तुला देणंघेणंही नाही! असा माणूस टेबलावर असणं म्हणजे बबलवर (बक्षिसाच्या एक पायरी अलीकडे) बाकीच्यांसाठी कोणीतरी पदरमोड करून खपतंय, आणि तू उठून म्हणतोस की नको नको, मीच खपतो.

आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला तीनपत्ती व्हायची (सांगलीला, आता कोणी जागत नाही, सगळे साडेअकराला मोबाईल घेऊन आडवे). त्यात एक काका कायम ब्लाइंड, म्हणजे पानं न बघता, खेळायचे. पानं पालथी, वर सुपारीचा डबा ठेवलेला, आणि ब्लाइंड, ब्लाइंड, ब्लाइंड. तीनपत्तीत नियम असा की ब्लाइंडवाला १० टाकतो तर पानं बघितलेल्याला चालीला २० टाकावे लागतात. म्हणजे काकांचा वेडेपणा निम्म्या भावात चालायचा आणि आम्ही शहाणे दुप्पट मोजायचो. मला वाटायचं काका मूर्ख आहेत. काका मूर्ख नव्हते, त्यांना दुसऱ्याची भीती कुठे सुरू होते ते माहीत होतं. तुझा फुलवाला पण तसाच असू शकतो हे लक्षात घे, कारण बबलवर सगळे आखडून बसलेले असताना सतत ऑल-इन मारणं हा बऱ्याचदा वेडेपणा नसतो. त्याला माहीत असतं की तुम्हाला कॉल करायला ६३-६५ टक्के पाहिजेत आणि तेवढी पानं सारखी सारखी येत नाहीत. तो ब्लाइंड उचलत राहतो. ऑल-इन मारणाऱ्याला जिंकायचे दोन रस्ते असतात, एक म्हणजे सगळे पळतात, दुसरं म्हणजे पानांवर जिंकतो. कॉल करणाऱ्याला एकच रस्ता. म्हणून मारायला चालणारी पानं आणि कॉलला चालणारी पानं यात फरक ठेवावा लागतो, आणि बक्षीस जवळ आलं की तो फरक अजून रुंद होतो.

यावरून अजून एक, कारण पत्राचा तू पाठवलेला पुढचा भाग मी कापला पण त्यात तू एका तिसऱ्याच माणसाला पण वेडा म्हणालायस, 'टोपीवाला अंकल, ८ ब्लाइंड उरले तरी सारखा ऑल-इन'. अरे ८ ब्लाइंडपुरतेच चिप्स उरलेत म्हणूनच तो ऑल-इन! बटणावरून त्याने जवळजवळ निम्मी पानं मारायलाच पाहिजेत, वाट बघत बसला तर ब्लाइंड त्याला खाऊन टाकतील. तो शहाणा आहे, त्याला वेड्यांच्या यादीतून काढ. १०० ब्लाइंड असताना मधे जमलेल्या ३ ब्लाइंडसाठी सगळे टाकणारा तो वेडा. आणि तिसरी जात असते, नुकताच मोठा हात हरून परत एंट्री घेतलेला, कान लाल झालेले, खुर्ची पुढे ओढून बसलेला. तो वीस मिनिटांपुरता वेडा असतो, नंतर शांत होतो, आणि तू त्याच्या जुन्या प्रतिमेवर कॉल करून मरतोस. तू स्वतः परत एंट्री घेतल्यावर पहिली वीस मिनिटं कसा खेळलास ते आठव बरं.

मग भिडायचं कधी?

सुरुवातीला, चिप्स भरपूर असताना, आणि तो खरोखर काहीही टाकतोय हे मोजून कळलेलं असताना, साठीच्या वर असलास की जा. एक्का-नव्वी ६१, राजा-राणी पण ६१ च्या वर, छक्क्यांची जोडी ६३, दश्श्यांची ७५. तिथे एक्का-नव्वी चालते! तीच पानं, तोच माणूस, पण भाव वेगळा. आणि वाट बघत बसण्यालाही किंमत आहे, कारण त्याच्या २० हजारांवर टेबलावरच्या बाकी सगळ्यांचाही डोळा असतो, तू एक्क्यांची जोडी यायची वाट बघत बसशील आणि तोवर कोपऱ्यातली बाई जोडी नव्व्या घेऊन ते सगळे घेऊन गेलेली असेल. दुर्रीची जोडी घेऊन मात्र जाऊ नकोस, ती कुठल्याही दोन पानांसमोर ५० च असते, जोडी दिसली की लोकांना उगाच राजवाडा दिसतो.

बबलवर, चिप्स सारख्या असताना, अठ्ठ्यांपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा. सत्त्यांची जोडी आणि एक्का-राणी काठावर, त्या दिवशी मागे किती जण बोलायचे आहेत त्यावर. बाकी सगळं खाली ठेव आणि चेहरा सरळ ठेव.

पण त्याच्याकडे ४० हजारच असतील आणि तुझ्याकडे दीड लाख, तर गोष्ट बदलते, कारण हरलास तरी तू बसलेलाच आहेस. तिथे परत पन्नाशीच्या जरा वर असलं तरी कॉल बसतो. म्हणजे प्रश्न "हा वेडा आहे का" एवढाच नसतो, "हा वेडा मला उठवू शकतो का" हा असतो. लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की इतके खूश होतात की दुसरा विचारतच नाहीत. तू पण तेच केलंस, रीड रीड म्हणतोयस, रीड तुझा बरोबर होता की, राजा-पंजीच निघाली! पण बरोबर रीड असूनही भाव परवडत नव्हता. भाजीवाल्याने कांदा चांगला दिला म्हणून किलोला २०० द्यायचे का?

आणि दोघंच उरलात, की हा सगळा आखडूपणा सोडून द्यायचा. दुसरं बक्षीस दोघांच्याही खिशात पडलेलं असतं, उरलेल्या ६० हजारांची लढाई असते आणि तिथे एक चिप म्हणजे एक चिप. कापलेल्या भागात तू म्हणतोस की शेवटी दोघंच उरल्यावर टेबलावरच्या एका शांत काकांसमोर तू 'सेफ' खेळलास आणि हळूहळू संपलास. बघ, जिथे जपायचं तिथे भिडलास, जिथे भिडायचं तिथे जपलंस.

दोघांच्या लढाईवरून २००३ च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजची फायनल आठवली. एकीकडे सॅम फारहा, मोठमोठे जुगार आरामात खेळणारा म्हणून प्रसिद्ध, आणि दुसरीकडे ख्रिस मनीमेकर, टेनेसीचा अकाउंटंट, स्वस्तातली ऑनलाईन टूर्नामेंट जिंकून तिथवर पोचलेला. फारहाकडे राणी-नव्वी, बोर्डावर (मधल्या सामायिक पानांत) नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी आणि शेवटी तिर्री, म्हणजे त्याची जोडी नव्व्यांची, बोर्डावरची सगळ्यात मोठी. मनीमेकरकडे राजा-सत्ती, इस्पिकचा फ्लश (पाचही पानं इस्पिकची) लागला नाही, सिक्वेन्स लागला नाही, काहीच नाही, आणि त्याने सगळे टाकले. फारहाने बराच वेळ विचार केला आणि पानं फेकली. मनीमेकर २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला आणि त्यानंतर जगभर हिशोबनीस लोकांना आपण पण पोकरपटू आहोत असं वाटायला लागलं, तुझ्यामाझ्यासकट. गंमत अशी की वेडेपणा कोणी केला? ज्याच्यावर कोणाचा संशय नव्हता त्याने. फुलाफुलांचा शर्ट घालून येणारा सोपा असतो, तो निदान सांगून येतो.

बाकी वेड्यासमोर दोन गोष्टी करू नकोस, पटकन सांगते. त्याला ब्लफ मारू नकोस, तो कॉल करतो, त्याला तुझी गोष्ट ऐकायचीच नसते. आणि चांगला हात लागला तर छोटी छोटी बेट लावून त्याला 'आत ओढायचा' नाजूकपणा करू नकोस, मोठी लाव, तो येतोच. तुला सेट (तीन सारखी पानं) लागलाय आणि तू काही न लावता चेक करून खिडकीबाहेर बघतोयस असली नाटकं विचार करणाऱ्यांसमोर.

आता माझी लाज सांगते, नाहीतर म्हणशील ताई खुर्चीत बसून शहाणपणा शिकवते. २०१६, पणजी, मांडवीतल्या एका जहाजावर (कुठलं ते नको). सात जण उरलेले, बक्षीस सहांना. माझ्याकडे बरे चिप्स होते, तिसऱ्या-चौथ्या नंबरावर असेन. समोर एक पोरगा, पंचविशीचा, एका हातात फोन, कुणाशी तरी बोलत होता पूर्ण वेळ, पानं न बघताच ऑल-इन सरकवत होता, त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त. मला राजा-राणी आले. मी विचार करत होते, टाकणारच होते खरं सांगते, माझी बोटं पानांवर होती आणि पानं पुढे निम्मी सरकलेली होती. तेवढ्यात त्याने फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "काकू, खेळताय की नुसतं बघताय?"

काकू! बेचाळिसाव्या वर्षी!

मी कॉल केला. त्याने फोन कानाला लावूनच पानं उलटी केली, अठ्ठी आणि तिर्री. राजा-राणी पुढे होतीच, ६७-६८ टक्के तरी असेन मी तिथे, आणि टर्नला (मधल्या चौथ्या पानाला) तिर्री, रिव्हरला (शेवटच्या पानाला) अठ्ठी. मी उठले. डीलरने सवयीने "वेल प्लेड मॅडम" म्हटलं, ते सगळ्यात जास्त लागलं. वर डेकवर जाऊन उभी राहिले, समोर पणजीचे दिवे, फेरीबोट दुसरा लॉट घेऊन येत होती, सगळे नटूनथटून हसत हसत चढत होते, आणि मी मनात तिर्री-अठ्ठीला शिव्या देत होते. पुढचे कित्येक महिने मी ही गोष्ट 'कसं नशीब फुटकं' अशी सांगायची. मग एकदा बसमधे, आंबोलीच्या घाटात झोप येईना म्हणून, वहीत ती आकडेमोड केली तेव्हा कळलं की तिर्री-अठ्ठी निघाली म्हणून मी हरले नाही, मी कॉल केला तेव्हाच हरले होते, कारण त्याच्याकडे काहीही असू शकतं असं धरलं तर माझे ६१ च होते आणि तिथे तेवढे पुरत नव्हते. आणि कॉल मी पानांवर केलाच नव्हता. 'काकू'वर केला होता.

तर तुझ्या एक्का-नव्वीच्या आधी त्या फुलवाल्याने काही म्हटलं होतं का? की त्या सत्तीचा राग होता? पत्रात लिहिलं नाहीस, पण "त्याला मीच उडवला" हे वाक्य तू दोनदा लिहिलंयस, मी एकदाही छापलं नाही.

अजून एक गोष्ट, जी ऑनलाईन होतं तेव्हा एवढी टोचायची नाही. २०२५ च्या ऑगस्टमधे कायदा झाला आणि पैशांचा ऑनलाईन पोकर बंद पडला, त्याआधी तुझ्यासारखा पोरगा आठवड्याला पंधरा-वीस टूर्नामेंट खेळायचा. तिथे ६५ टक्केवाला कॉल मंगळवारी हरला तर गुरुवारपर्यंत आठवायचाही नाही. आता वर्षातून दोन फेऱ्या, रजा टाकायची, बायकोला पटवायचं, रात्रभर बस, आणि पाऊण तासात सत्ती. साहजिक आहे माणूस घाबरून उलटे नियम करतो. पण एवढ्या कमी खेळात निकालावरून काहीच शिकता येत नाही, एकदा जिंकलं एकदा हरलं यातून नियम काढणं म्हणजे दोन दिवस पाऊस पडला नाही म्हणून छत्री विकून टाकणं. म्हणून कागदावर शिकायचं. प्रत्येक मोठ्या हातानंतर निकाल झाकून ठेव आणि फक्त एवढं लिही: किती जण उरले होते, बक्षीस कितीजणांना, त्याच्याकडे किती, माझ्याकडे किती, मागे किती जण. घरी येऊन हिशोब कर. जमल्यास मित्रांबरोबर चिंचोके घेऊन बस (पैसे नकोत, चिंचोकेच), एकाला सांग तू पानं न बघता ऑल-इन मारत राहा, चौघं, तीन बक्षिसं, आणि बाकीच्यांनी बबल खेळायचा. दहा वेळा खेळलात तरी पोटात समजेल की तिसऱ्याचौथ्याने गप्प बसण्यात किती चिंचोके आहेत.

आणि दुसऱ्या एंट्रीचं गोव्यात ठरवू नकोस, बसमधे बसायच्या आधी ठरव आणि तेवढेच पैसे ने. पहिला एक्का-राजाचा कॉल तुला इतका लागला याचं एक कारण मला वाटतं की दुसरी एंट्री तू मित्राकडून उसनी घेतलीस (हो, ते पण लिहिलं होतंस, खाली बारीक अक्षरात). उसन्या एंट्रीवर बसलेला माणूस एक्का-राजा पण घाबरत खेळतो, मग सगळाच खेळ चुकतो.

ता.क. मधे विचारलंयस की पुढच्या वेळी असा माणूस दिसला तर त्याच्या कुठल्या बाजूला बसावं. डाव्या, म्हणजे तो आधी बोलेल आणि तू नंतर, त्याचे चिप्स पुढे आलेले बघून तुला ठरवता येईल, आणि तो ऑल-इन न करता नुसताच मोठा रेझ मारत (बेट वाढवत) असेल तर तू त्यावर अजून मारून बाकीच्यांना बाहेर काढून त्याला एकट्याला गाठू शकशील. तो तुझ्या डाव्या बाजूला बसला असेल तर मात्र कमी हात खेळ, मोठे रेझ मारू नकोस, चांगला हात आला तर साधा कॉल करून ये आणि त्याला मारू दे. पण टूर्नामेंटमधे जागा चिठ्ठीने मिळते रे, आपल्या हातात नसते. डीलरला सांगून बघितलंय मी एकदा, तो नुसता हसला.